आता म्हशीला काय तोंड दाखवाल?

“गूगलवर टाका की वो इंजिनिअर, लगेच घावंल,” मागून कुणीतरी म्हणालं.

मी मान वळवली नाही. वळवली असती तर तोंडातून नको ते गेलं असतं, आणि खोलीत बायामाणसं होती.

“हे गूगलवर नसतं. ह्या कॉम्प्युटरच्या आत असतं,” मी म्हणालो.

“मग आत टाका.”

“तेच करतोय!”

“मग इतका वेळ का लागायलाय?”

तांबळवाडीच्या दूध संस्थेचं ऑफिस म्हणजे एकच खोली. खिडकीशी दूध तपासायचं मशीन, त्याला जोडलेला कॉम्प्युटर, शेजारी प्रिंटर. भिंतीवर रंगवलेला फळा होता, ‘सर्वाधिक दूध घालणारे सभासद’, आणि त्याखाली दरवर्षीचं एकच नाव: सौ. अनुसया बापूसाहेब खोराटे. बापूसाहेब म्हणजे संस्थेचे चेअरमन. ते माझ्या खुर्चीमागं उभे होते. त्यांच्यामागं निम्मं गाव उभं होतं, आणि त्या निम्म्या गावाला कॉम्प्युटरमधलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

झालं होतं असं. तालुक्याच्या गावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आदल्या दिवशी मीच इथं येऊन नवा प्रिंटर बसवून गेलो होतो. पावतीच्या शेवटी ‘थँक यू’ऐवजी मराठीत ‘धन्यवाद’ आलं पाहिजे, असा बापूंचा हट्ट होता. म्हणून प्रोग्रॅमला हात न लावता प्रिंटरच्या सेटिंगमध्येच ‘थँक यू’च्या जागी तयार ‘धन्यवाद’ बसवलं, पावतीच्या तळाला मराठी फॉन्ट लावला, छापून दाखवलं, चहा प्यालो, गेलो. आणि आज सकाळी दूध घालायला आलेल्या दहाबारा जणांच्या पावतीवर ‘धन्यवाद’च्या जागी छापून आलं: ‘आता म्हशीला काय तोंड दाखवाल?’

बाकीच्यांना ‘धन्यवाद’, आणि ह्या दहाबारा जणांना हे. त्यात एक पावती चेअरमनच्या घरची.

दुपारपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता. पोरं पाराजवळ एकमेकांना हेच विचारत होती. ज्यांच्या पावतीवर ते आलं होतं ती माणसं संस्थेच्या दारात येऊन भांडत होती. बापूंनी तर निकालच लावून टाकला होता. पावत्या काढायचं काम वनमाला चौगलेचं. अख्ख्या गावात मराठी टायपिंग येणारी बाई तीच. म्हणजे तिनंच ते टाइप केलं.

“जिच्याशी वाकडं, तिच्याच पावतीवर बरोबर आलंय बघा,” बापू म्हणाले. “आमच्या मंडळींशी हिचं मागच्या हप्त्यात रांगेवरनं वाजलं होतं. इंजिनिअर, तुम्ही फक्त ते कुठं लिहिलंय तेवढं काढून दाखवा. बाकी आम्ही बघतो.”

“आणि तिनं लिहिलेलं नसलं तर?”

“तर मग कुणी लिहिलं? म्हशीनं?”

लोक हसले. वनमाला भिंतीला टेकून उभी होती, ती हसली नाही. तिशीची, किडकिडीत. ह्या नोकरीच्या जोरावर तिनं दिरांच्या घरातून वेगळी चूल मांडली होती, हे मला तिनंच आदल्या दिवशी प्रिंटरला कागद लावताना सांगितलं होतं, किती आनंदानं सांगितलं होतं. आता संध्याकाळचं दूध यायच्या आत तिला काढायचं ठरलं होतं. तिच्या जागी बसायला बापूंच्या भाच्याला निरोपसुद्धा गेला होता.

“सर, मी न्हाई केलं,” ती मला म्हणाली. बापूंना नाही, मला. “कुठं लिहिलंय ते तुम्ही काढा. सापडलं की कळंल मी न्हाई ते.”

म्हणजे सगळं माझ्या डोक्यावर.

हा जो पावत्यांचा प्रोग्रॅम होता, तो संस्थेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सांगलीच्या नेने नावाच्या एका सरांनी लिहून दिला होता. नेने सर वारले होते, त्यामुळं त्यांना जाब विचारायची सोय नव्हती. माणूस हुशार असणार, पण देवभोळा. प्रोग्रॅमचे त्यांनी शेकड्यांनी बारीक बारीक तुकडे केले होते, प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल, आणि प्रत्येक फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ‘श्री’. श्री एक, श्री दोन, श्री तीन, असं करत थेट खालपर्यंत. कशात काय आहे ते नावावरून कळेल तर शपथ. मी कपाळावर हात मारून घेतला.

पण अशा वेळी एक उपाय असतो. काळा पडदा उघडायचा, त्यावर एक ओळीचा हुकूम टाइप करायचा: ह्या सगळ्या फायली धुंडाळ, आणि अमुक शब्द जिथं असेल ती ओळ मला दाखव. एक एक फाइल उघडत बसायला लागत नाही. कॉम्प्युटर क्षणात सगळ्या वाचून काढतो. शब्द आत असला की सापडतोच.

मी टाकलं: म्हशीला. काही नाही.

टाकलं: तोंड. काही नाही. दाखवाल. काही नाही. पडदा आपला काळाच्या काळा.

“काय म्हणतंय?” बापू.

“नाही म्हणतंय.”

“नाही कसं? पावतीवर छापून आलंय की! हे काय, डोळ्यांनी दिसतंय!” त्यांनी पावती माझ्या नाकासमोर नाचवली.

“मलाही दिसतंय, बापू.”

“मग त्याला का दिसंना?”

मी नुसतं ‘म’ टाकून पाहिलं. नेने सरांच्या सगळ्या फायलींत मिळून मराठी ‘म’ एकही नाही! इतक्यात लाइट गेली. बॅटरीवर कॉम्प्युटर चालू राहिला, पंखा बंद झाला. घामानं शर्ट पाठीला चिकटला.

“मशीनला उदबत्ती ओवाळली होती का बसवताना?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“बंद करून परत चालू करा,” दुसरा म्हणाला. “आमच्या टीव्हीचं तसंच करतो आम्ही.”

“एक काम करा,” मी उठून उभा राहिलो. “तुम्ही या आणि बसा इथं. मी मागं उभा राहून सांगतो. ते काम सोपं दिसतंय.”

म्हातारा मागं सरकला. बापूंनी मला खांद्याला धरून खाली बसवलं.

“तापू नका. चहा सांगितलाय.”

“चहा नको. जुनी पावती द्या एखादी. कालच्या आधीची, जुन्या प्रिंटरवरची. आधी तळाला काय यायचं ते बघू दे.”

जुनी पावती कुणाच्या खिशात असणार? पण संस्थेच्या पावत्या घरात तारेला खोचून ठेवायची इथं पद्धत. बापूंनी दारात उभ्या असलेल्या आपल्या बायकोला हाक मारली. अनुसयावहिनी कधी आल्या ते मला कळलंच नव्हतं. दारातच उभ्या होत्या, आत आल्या नव्हत्या.

“आपली तार घेऊन या घरनं.”

“कशाला?” वहिनी म्हणाल्या.

“इंजिनिअरला बघायचीय.”

“त्यात काय बघायचं? आकडंच असतात.”

“आणा म्हणतोय न्हवं!”

वहिनी गेल्या. घर समोरच होतं, पण परत यायला त्यांना बराच वेळ लागला. तार बापूंच्या हातात देऊन त्या पुन्हा दारात जाऊन उभ्या राहिल्या.

मी तारेवरच्या पावत्या उलगडल्या. सगळं इंग्रजीत: नाव, लिटर, फॅट, डिग्री. आणि तळाला ‘थँक यू’च्या जागी एक अगम्य ओळ. डोक्यावर टिंबं दिलेली इंग्रजी अक्षरं, उलटं प्रश्नचिन्ह, मधेच पौंडाची खूण, परत दोनचार साधी अक्षरं. खालच्या पावतीवर तेच. त्याच्या खालच्यावरही तेच, अक्षर न अक्षर तेच.

“हे काय आहे?”

“ते व्हय? ते कंपनीचं नाव,” बापू म्हणाले.

“कुठल्या कंपनीचं?”

“प्रिंटरच्या. पहिल्यापासनं येतं की ते, कधीकधी.”

मी त्या ओळीकडं बघत राहिलो आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. नेने सरांच्या काळात कॉम्प्युटरला मराठी येतच नव्हती. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे नुसतं सोंग. आत साठवलेली असायची असली वेडीविद्री इंग्रजी चिन्हं, आणि वरून फॉन्टचा मुखवटा चढवला की ती मराठी दिसायची. मुखवटा काढला की परत पौंड आणि उलटं प्रश्नचिन्ह. जुन्या प्रिंटरजवळ तो मुखवटा नव्हता. तो इतकी वर्षं ती चिन्हंच छापत होता, आणि तांबळवाडी त्याला कंपनीचं नाव समजत होती. काल मी ‘धन्यवाद’साठी लावलेला फॉन्ट नेमका त्याच जुन्या जातीचा निघाला, आणि ती ओळ पहिल्यांदा वाचता आली. म्हणजे ते वाक्य आजचं नव्हतंच. आणि मी गाढवासारखा आजच्या मराठीत ते शोधत बसलो होतो. आत मराठी नव्हतीच, तर सापडणार काय, कपाळ!

“वनमाला,” मी म्हणालो, “टायपिंग क्लासला जुना मराठी फॉन्ट शिकलीस ना? बस इथं. हेच वाक्य त्या फॉन्टमध्ये टाइप कर.”

“मी?”

“तूच. मला येत नाही ते.”

ती घाबरत खुर्चीवर बसली. पण बोटं कळफलकावर गेली आणि ‘आता म्हशीला काय तोंड दाखवाल?’ झरझर उमटलं.

“बघा! बघा कसं सराईतासारखं लिहितीय!” बापू ओरडले. “आणि म्हणं मी न्हाई केलं! ह्यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे?”

वनमालाचे हात थांबले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बापू, एक मिनिट तोंड मिटून उभे राहाल का?” मी म्हणालो. चेअरमनला असं कुणी बोलत नसावं, कारण सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. “आता हे बघा.”

मी फॉन्ट काढला. त्याबरोबर मराठी वाक्य गेलं आणि त्याजागी टिंबं, पौंड, उलटं प्रश्नचिन्ह. मी तारेवरची पावती पडद्याशेजारी धरली. मघाच्या म्हाताऱ्यानं चष्मा लावून दोन्ही ओळी ताडून पाहिल्या.

“आयला, तेच हाय की!”

“तेच आहे. हे वाक्य तुमच्या पावत्यांवर कित्येक वर्षं येतंय. बापूच म्हणाले ना, पहिल्यापासनं येतं? म्हणजे वनमाला इथं नोकरीला लागायच्या आधीपासून. तुम्हाला वाचता येत नव्हतं एवढंच.”

खोलीत कुजबुज सुरू झाली. वनमालानं पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो. पण मला ते वाक्य कुठं लिहिलंय ते बघायचंच होतं, इतका वेळ त्यानं मला छळलं होतं. त्या चिन्हांतला साध्या अक्षरांचा एक तुकडा उचलून मी शोधाच्या हुकुमात टाकला. पडद्यावर पटकन एकच ओळ आली. मी ती फाइल उघडली, आणि वाचता वाचता माझी बोटं जागीच थांबली.

“काय झालं?” बापूंनी विचारलं.

“काही नाही. सापडलं. मी ओळ काढून टाकतो, विषय संपला.”

“विषय कसा संपला? काय लिहिलंय ते वाचा की मोठ्यानं. सगळ्यांना कळू द्या.”

“राहू दे, बापू.”

“वाचा म्हणतोय!”

मग मी वाचलं. मी तरी किती सोसायचं?

“डिग्री अमुक आकड्याच्या खाली गेली, तर ही ओळ छापायची. नाहीतर थँक यू.”

दुधात पाणी पडलं की डिग्री उतरते. हे तांबळवाडीत कुणाला समजावून सांगायला लागत नाही. सकाळपासून सर्वांत मोठ्यानं भांडणारे दोघंजण दाराकडं सरकले. एकाला एकदम गोठ्यातलं काम आठवलं. मघाशी हसलेली माणसं आता भिंतीवरच्या फळ्याकडं बघत होती. बापूंच्या हातात ती तार होती, आणि तारेवरच्या पावत्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या.

बापूंचा चेहरा लालभडक झाला. मला वाटलं, आता तरी गप्प बसतील. पण कसचं काय!

“मशीन,” ते म्हणाले. “मशीन नीट धुवत न्हाई ही. धुतलेलं पाणी आतल्या नळीत राहतंय आणि आमच्या दुधात मिसळतंय. म्हणून डिग्री उतरती. म्हणजे चूक हिचीच! लिहिलं नसंल, पण बदनामी हिच्यामुळंच झाली. मी चेअरमन हाय, माझ्या घरचं दूध पाण्याचं?”

“बापू, मी दरवेळी नळी कोरडी करते,” वनमाला म्हणाली. “सगळ्यांसमोर करते.”

“तू गप्प बस! किल्ल्या ठेव टेबलावर.”

तिनं कमरेच्या किल्ल्या सोडल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढी उरस्फोड करून मी ते वाक्य शोधलं ते हिला वाचवायला, आणि त्याच वाक्यानं हिला परत अडकवलं! मी काही बोलणार तेवढ्यात दारातून आवाज आला.

“किल्ल्या उचल, वनमाला.”

अनुसयावहिनी आत आल्या. डोक्यावरचा पदर सावरत टेबलापर्यंत आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

“मशीनला काय झालेलं न्हाई. पाणी मी घालते.”

“अगं, काय बोलतीस?”

“खरं तेच बोलते. थोरली म्हैस आटली दिवाळीत. धाकटी अर्ध्यावर आली. तुम्ही रोज रातच्याला विचारतासा, आज किती भरलं? कमी सांगितलं की ताटावरनं उठतासा. त्या फळ्यावरचं नाव खाली आलं तर मी गावात हिंडू कसा, म्हणतासा. मग मी काय करू? किटली भरून आणायची तर विहिरीनंच भरायची की.”

बापूंनी मशीनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, बायकोकडं मात्र पाहिलं नाही.

“हे असलं घाणेरडं वाक्य तरी कुणाच्या टाळक्यातनं निघालं?” ते पुटपुटले. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोलले असावेत.

“तुमच्याच,” वहिनी म्हणाल्या.

“माझ्या?”

“विसरलासा व्हय? संस्था नवी निघाली तवा तुम्ही सेक्रेटरी. सायकलच्या दांडीला ती काचेची नळी बांधून गावोगाव दूध तपासत फिरायचासा. आमच्या आईच्या दारात आलासा. नळी दुधात बुडवली, आकडा बघितला आणि म्हणालासा, मावशी, आता म्हशीला काय तोंड दाखवाल? ज्याच्या त्याच्या दारात हेच म्हणायचासा. कॉम्प्युटरवाल्या सरांना तुम्हीच सांगितलं असणार, दुसरं कोण सांगणार?” त्यांनी भिंतीवरच्या फळ्याकडं पाहिलं. “मी दाराआडनं बघत होते. आई त्या दिवशी गोठ्यात गेली न्हाई. धार मला काढायला लावली. आणि मला वाटलं, माणूस असावा तर असा.”

बापू खाली बसले. माझ्याच खुर्चीवर बसले, मी उठून उभा होतो म्हणून. किती तरी वेळ त्यांनी पडद्यावरच्या त्या वेड्यावाकड्या ओळीकडं बघितलं. मग तार टेबलावर ठेवली आणि निघून गेले. वहिनी त्यांच्या मागून गेल्या.

वनमालानं किल्ल्या परत कमरेला खोचल्या. माणसं पांगली. मला कुणी सांगितलं नाही की घरी जा, कुणी सांगितलं नाही की थांब. त्या ओळीचं करायचं काय, तेही कुणी सांगेना. सांगितलेला चहा तेवढा आला, तोही गार. मी तिथंच बसून राहिलो. मला आतून राग येत होता, कारण बापूंनी वनमालाला एक शब्द म्हटला नव्हता. ‘चुकलं’ नाही, ‘बरं’ नाही, काहीच नाही.

दिवस कलला तशी खिडकीशी रांग लागली. वनमालाचं काम सुरू झालं. दूध मापात ओतायचं, मशीनला नमुना लावायचा, आणि लिटर किती झाले ते खिडकीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारायचं. संस्था निघाल्यापासूनची ती रीत. बापूंच्या घरचा आकडा रोज अख्खं गाव ऐकायचं, ते त्यामुळंच. आज सकाळच्या त्या दहाबारा घरांतल्या दोन किटल्या कमी भरलेल्या आल्या. पावतीवर सगळ्यांना ‘धन्यवाद’ येत होतं.

रांग पुढं सरकली, आणि खिडकीसमोर बापू आले. चेअरमन स्वतः किटली घेऊन रांगेत. पुढच्यांनी वळून पाहिलं. वनमालानं किटली घेतली. ती घेतानाच तिला कळलं असणार, हलकी होती. तिनं दूध ओतलं, नमुना लावला. आकडा बघितला आणि पुकारायच्या ऐवजी मान खाली घालून हळूच म्हणाली,

“साडेतीन, बापू.”

बापूंनी खिडकीचा गज धरला.

“मला सांगू नको. रोज सांगतीस तसं सांग. मोठ्यानं.”

तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं.

“खोराटे, साडेतीन लिटर!” ती ओरडली. आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

बापूंनी पावती घेतली, तळाची ओळ वाचली आणि रिकामी किटली उचलली. जाताना खिडकीतून मला म्हणाले, “ती ओळ काढू नका, इंजिनिअर.”